काट्यावरची तारीख

२०२५ ची दिवाळी होऊन तीन आठवडे झाले आणि या सदरासाठी खानदेशातून आलेल्या पत्रांचा गठ्ठा रबरबँडमध्ये मावेनासा झाला. निम्म्याहून जास्त पत्रं कापसाची आहेत. बाकीची केळी, कर्ज, सोनं आणि निवडणूक यांची. धरणगाव तालुक्यातल्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मी २७ वर्षं वहीवर बसले. गाडी काट्यावर चढली की नाव, गाव, वजन, भाव आणि तारीख लिहायची, एवढंच माझं काम होतं. त्यामुळे बातमी वाचतानाही माझी नजर आधी तारखेवर जाते. यंदाची बहुतेक उत्तरं मला तिथेच सापडली.

हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला असं टीव्हीवर ऐकलं. गावात व्यापारी साडेसहा हजाराच्या वर बोलत नाही. विचारलं तर म्हणतो, अमेरिकेने टॅक्स लावला. अमेरिकेचा आणि माझ्या चार एकर कपाशीचा काय संबंध?
— कापूस उत्पादक, ता. पारोळा

भाऊ, तुमच्या पत्रात दोन भाव आहेत आणि दोन्ही खरे आहेत. ८,११० हा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मे रोजी मंजूर केलेला. मागच्या हंगामात तो ७,५२१ होता. म्हणजे क्विंटलमागे ५८९ रुपये वाढले. वाढ चांगली होती, त्यात खोट काढायची नाही. साडेसहा हजार हा बाजारभाव, आणि बाजारभाव रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, हिशेबाने निघतो. तो हिशेब जिनात मी रोज मांडायचे, तुमच्यासमोरही मांडते.

एक क्विंटल कापूस जिनात गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६३-६४ किलो सरकी, बाकी काडीकचरा आणि घट. सरकीला तेलाचा आणि ढेपेचा गिऱ्हाईक इथलाच. रुईचा भाव मात्र न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे बघून हलतो. तिथे या हंगामात पौंडाला ६५ सेंटच्या आगेमागे चाललं आहे. डॉलर ८८ रुपये धरला तर किलोला १२६ रुपये पडतात. बाहेरची गठाण, म्हणजे रुईची गाठ, आणायची तर त्यावर २०२१ च्या अर्थसंकल्पापासून ११ टक्के आयात शुल्क होतं. ११ टक्के म्हणजे किलोमागे जवळपास १४ रुपये. बाहेरची रुई तेवढी महाग पडायची, म्हणून गिरणीवाला इथल्या रुईला तेवढा वर जायचा, जिनवाला कापसाला तेवढा वर जायचा. ३४ किलोला १४ रुपयांनी किती झाले? पावणेपाचशे. शुल्क उठलं आणि तुमच्या क्विंटलमागचा हा पावणेपाचशेचा टेकू निघाला. मे महिन्यात कागदावर ५८९ वाढले, ऑगस्टमध्ये बाजारातून पावणेपाचशे उतरले.

आता अमेरिकेचं. तिथल्या सरकारने ७ ऑगस्टपासून आपल्या मालावर २५ टक्के कर लावला आणि २७ ऑगस्टपासून, आपण रशियाचं तेल घेतो म्हणून, आणखी २५. एकूण ५०. आपल्या तयार कपड्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक अमेरिकाच. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यांना झळ बसणार हे उघड होतं. त्यांना कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून केंद्राने कापसावरचं आयात शुल्क माफ केलं, १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत. पोळा तीन दिवसांवर होता. मी गेरू भिजवत बसले होते तेव्हा पुतण्याने मोबाइल दाखवला. मी त्याला म्हटलं, ३० सप्टेंबरपर्यंत असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही, आपला माल तेव्हा कुठे असतो? ठिबकवरच्या पूर्वहंगामी कपाशीची पहिली वेचणी तेवढी आलेली असते.

मग दुसरी बातमी आली. २७ तारखेला गणपती बसले, २८ ला मुदत वाढली. ३१ डिसेंबरपर्यंत.

या एका तारखेचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. दसऱ्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत आपल्याकडे कोण कापूस विकतो, हे दिल्लीत कुणालाच ठाऊक नसेल असं मी मानत नाही. मला ते माझ्या वहीने शिकवलं. दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत पानं भराभर संपायची. एकेक नोंद पाच क्विंटलची, सात क्विंटलची, कधी दोन गाठोडी दुचाकीवर बांधून आणलेली. अंगठा जास्त, सही कमी. फेब्रुवारीत दिवसाला चार-पाचच नोंदी, पण एकेक चाळीस-पन्नास क्विंटलची, आणि माणूस खुर्चीवर बसून चहा पिऊन जायचा. भाव फेब्रुवारीत बहुतेकदा बरा असायचा. ज्याला थांबता येतं त्याला तो मिळायचा. ज्याच्या दारात वेचणीची मजुरी, दुकानदाराची खताची उधारी आणि पोरांचे दिवाळीचे कपडे एकाच वेळी उभे असतात, त्याला थांबता येत नाही. शुल्कमाफीचे साडेचार महिने नेमके त्याच्याच वाट्याला आले.

कारखान्यांना मदत द्यायला माझी ना नाही. तिरुपूरला शिलाई मशीनवर बसलेली बाई आणि आपल्याकडे ओटीत कापूस वेचणारी बाई, दोघींचं पोट त्याच रुईवर चालतं. पण त्या कारखान्याचं नुकसान भरायचं तर ते सरकारी तिजोरीतून भरा, निर्यातदाराला व्याजात सूट द्या. शुल्क उठवायचंच असेल तर दरवर्षी एप्रिल ते सप्टेंबर उठवा, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात कापूस नसतो आणि गिरणीला टंचाई असते. १ ऑक्टोबरला ते पुन्हा लावा आणि होळीपर्यंत हात लावू नका. हे करायला एक अधिसूचना लागते, जशी २८ ऑगस्टला लागली तशीच.

आता तुमचा प्रश्न उरतो : ८,११० कसे मिळतील? ते फक्त भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, देतं. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद लागते, कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, आणि कापूस कोरडा लागतो. ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव. त्यावर दर टक्क्याला एक टक्का कपात, १२ पर्यंत. १२ टक्क्यांना ८,११० चे ७,७८५ होतात. १२ च्या वर घेतच नाहीत. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, ओल्या रुईची गठाण आतून पिवळी पडते आणि तापते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण दिवाळीत आमच्या घरचा सात क्विंटल कापूस गच्चीवर जुन्या साड्यांवर पसरलेला होता. दुपारी ऊन, चार वाजता आभाळ, पळत जाऊन गाठोडी बांधा, सकाळी पुन्हा सोडा. सहा दिवस हे केलं. मुठीत दाबून सोडला तर कापूस फुलून वर यायला पाहिजे, तो तसाच गोळा राहत होता. शेवटी पुतण्याने खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला दिला, ६,३०० ने, वर वजनात क्विंटलमागे दोन किलो कटती. मजूर दारात बसले होते, त्यांना तर द्यायचे होतेच.

आमचे सासरे म्हणायचे, "माल आपला, काटा त्यासना, भाव बी त्यासनाच." तुमच्याकडे अजून दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीचा माल असेल. तो कोरडा करा, ॲपची नोंदणी झाली नसेल तर आजच तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे जा. पहिल्या वेचणीचे गेलेले पैसे त्याने परत येणार नाहीत, एवढं मात्र मी तुम्हाला स्पष्ट सांगते.

लाडकी बहीण योजनेमुळे बायका कामावर येईनाशा झाल्या. कापूस वेचायला मजूर मिळत नाही. सरकारने फुकट पैसे वाटून शेती बुडवली, यावर तुम्ही लिहीत का नाही?
— एक बागायतदार, ता. चोपडा

लिहिते, पण तुम्हाला आवडेल असं नाही.

दादा, १,५०० रुपये महिन्याचे म्हणजे दिवसाचे ५० झाले. आमच्या शिवारात यंदा वेचणी किलोला १० रुपये आहे. हात चालणारी बाई दिवसाला ४० किलो वेचते, म्हणजे ४०० रुपये. ५० रुपयांसाठी ४०० सोडणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. वेचणीचं काम कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. बोंडाच्या पाकळीचं टोक सुईसारखं असतं, नखाच्या कडेला रोज त्याच जागी टोचतं. संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना ती बोटं मिठाने चरचरतात. मी लग्नानंतरची सहा वर्षं वेचणी केली आहे.

मजूर कमी का, याची कारणं दुसरी आहेत. तुमच्या चोपड्याला आणि शिरपूरला वेचणीला येणारी माणसं सातपुड्यातून यायची, बडवानी-खरगोनकडून यायची. त्यातली बरीच आता गुजरातेत बांधकामावर जातात, तिथे रोज जास्त आहे आणि काम वर्षभर आहे. शिवाय यंदा पावसाने सगळ्यांचा कापूस एकाच आठवड्यात फुटला, सगळ्यांना एकाच आठवड्यात मजूर हवे होते.

योजनेवर माझा आक्षेप आहेच, तो वेगळा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते एकदम खात्यात आले आणि २० नोव्हेंबरला मतदान झालं. तेव्हा आगाऊ देता आले. २,१०० करू म्हणून सांगितलं होतं, त्याला वर्ष झालं, मार्चच्या अर्थसंकल्पात ते आले नाहीत. उलट तरतूद आदल्या वर्षीच्या ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली. आता ई-केवायसीसाठी बायका नेटवर्क शोधत मारुतीच्या पारावर उभ्या असतात. ज्या बाईचा नवरा आणि बाप दोघंही वारले, तिने आधार कुणाचा जोडायचा, हा प्रश्न मला आमच्याच गल्लीतल्या एकीने विचारला. मतदानाआधी हा प्रश्न कुणाला पडला नाही. पैसे द्यायचे तर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या, पगारासारखे. त्या बाईला दुकानदाराला सांगता आलं पाहिजे की पाच तारखेला देते म्हणजे देते.

३० जूनला कर्जमाफी होणार असं म्हणतात. सोसायटीचं १ लाख ४० हजार कर्ज आहे. मार्चमध्ये भरावं की थकवावं? घरात यावरून रोज भांडण.
— ता. एरंडोल

ताई, बातमी आधी नीट बघू. नागपूरला शेतकरी नेते बच्चू कडूंच्या आंदोलनानंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३० ऑक्टोबरला सांगितलं की कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ, त्यासाठी प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे. निर्णय घेऊ म्हटलं आहे. कुणाचं, किती आणि कोणत्या तारखेपर्यंतचं थकीत माफ होणार, यातलं काहीही अजून ठरलेलं नाही.

आणि सगळा जीव त्या शेवटच्या तारखेत असतो. २०१७ च्या माफीत दीड लाखापर्यंत कर्ज माफ झालं, पण ३० जून २०१६ ला थकीत असलेलं. २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतीराव फुले योजना आली, दोन लाखांपर्यंत, ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेल्यांना. माझ्या धाकट्या दिरांनी २०१६ च्या मे महिन्यात जाऊबाईंची बोरमाळ मोडून सोसायटीचं नवं-जुनं केलं होतं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचललं होतं. सचिव म्हणाले होते, भरून टाका, शून्य टक्के व्याजाचा फायदा जाऊ देऊ नका. सल्ला तेव्हा बरोबर होता. वर्षाने माफी आली तेव्हा ते थकबाकीदार नव्हते. शेजारचा, ज्याने भरले नाहीत, त्याचे माफ झाले. दिरांना नियमित भरणारे म्हणून २५ हजारांपर्यंतची प्रोत्साहनाची रक्कम लागू होती. पुढच्या योजनेत ५० हजारांचं प्रोत्साहन ठरलं, ते शेतकऱ्यांच्या खात्यात यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. बोरमाळ काही परत आली नाही. जाऊबाई आजही त्या विषयावर उठून आत जातात.

म्हणून "भरा" असं मी तुम्हाला डोळे झाकून सांगू शकत नाही, आणि "थकवा" असंही नाही. थकवलं तर जूनच्या तोंडावर नवीन पीककर्ज मिळणार नाही, बियाणं-खत उधारीवर येईल, आणि उधारीचं व्याज तुम्हाला माहीत आहे. १ लाख ४० हजारांचं नवं कर्ज जूनमध्ये लागणारच असेल तर भरा. यंदा कोरडवाहू, कमी खर्चाचं काही घेऊन निभणार असेल, तर मार्च संपेपर्यंत थांबून सरकार तारीख जाहीर करतं का ते बघा. फक्त एक करू नका : भरण्यासाठी सावकाराकडून घेऊ नका. २०१६ ला ज्यांनी तसं केलं, त्यांची सोसायटीची माफीही गेली आणि सावकाराचं कर्ज राहिलं.

सरकारला माझं सांगणं एवढंच की निर्णय ३० जूनला नको, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी हवा. आखाजीला आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाचा गडी ठरतो, बटाईची वाटणी ठरते, वर्षाचं सगळं गणित त्या दिवशी बसतं. २०२६ ला आखाजी एप्रिलमध्ये आहे. जूनच्या ३० तारखेला पेरणी होऊन कोंब वर आलेले असतील, आणि ज्याने जे करायचं ते करून टाकलेलं असेल.

मुलीचं लग्न मार्चमध्ये. सोनं आता घ्यावं का भाव उतरेल?
— जळगाव

उतरेल का ते मला सांगता येणार नाही, बहिणी. सुवर्णनगरीत राहून तुम्हाला सराफाकडून रोज नवं भाकीत ऐकायला मिळत असेल. एप्रिलमध्ये १० ग्रॅमने लाखाला हात लावला, दिवाळीपर्यंत सव्वा लाख ओलांडून गेला. जगभरच्या मध्यवर्ती बँका सोनं साठवत आहेत, रुपया पडलेला आहे, ट्रम्पसाहेबांच्या करामुळे पैसेवाले घाबरलेले आहेत. आपल्या सरकारने केलं असं यात फार काही नाही. आयात शुल्क जुलै २०२४ मध्येच १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं होतं.

मी दुसरा हिशेब मांडते. २०२२ च्या जानेवारीत कापूस १० हजारांच्या घरात होता आणि सोनं ५० हजारांच्या आत. पाच क्विंटल कापसात एक तोळा यायचा. आज १९-२० क्विंटल लागतात. एकराला सहा-सात क्विंटल पिकलं तर तीन एकर झालं, खर्च वजा न करता. घरात जुनं असेल ते मोडून नवीन घडवा, मजुरीचं आधी ठरवून घ्या. व्याह्यांशी एकदा मोकळं बोला. त्यांचीही शेतीच असेल, त्यांना हे १९-२० क्विंटल समजतील.

केळीला ४५० रुपये क्विंटल भाव मिळाला. कापणीचा खर्च निघाला नाही. सरकार केळीला हमीभाव का देत नाही? विम्याचे पैसेही नाहीत.
— ता. रावेर

हमीभाव केळीला नाही कारण केंद्राची यादी २२ पिकांची आहे, उसाला वेगळा दर आहे, आणि केळीसारखं नाशवंत फळ त्यात कधीच नव्हतं. सरकार केळी विकत घेऊन ठेवणार कुठे, हा प्रश्न खरा आहे. पण जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, भाव मात्र आजही बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून ठरतो, दुसऱ्या राज्यात. तिकडे सकाळी आकडा निघतो, इकडे व्यापारी त्यातून आपलं वजा करून घडाकडे बघतो. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे की बोर्डावर एक भाव आणि बांधावर दुसरा. बोर्डापेक्षा कमी भावाने घेणाऱ्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार बाजार समितीला आहे. तक्रार एकट्याने करू नका. दहा जणांनी पावत्या जोडून, सही करून करा. एकट्याची बाग पुढच्या वेळी कुणी कापायला येत नाही, ही भीती मला माहीत आहे, म्हणूनच दहा जण.

विम्याचं सांगते. केळीचा विमा हवामानावर आहे. थंडीत किमान तापमान ८ अंश किंवा खाली, सलग तीन दिवस गेलं तर पैसे. दोन रात्री ७ आणि तिसऱ्या रात्री साडेआठ, तर काही नाही. पानाची कड करपली, घड अडकला, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, थांबली, हे त्या हवामान यंत्राला दिसत नाही. यंत्रही महसूल मंडळात कुठेतरी असतं. तापीकाठची बाग आणि सातपुड्याच्या पायथ्याची बाग यांची थंडी एक नसते, हे पायथ्याशी राहणाऱ्याला सांगायला नको. कांदेबागवाल्यांनी, म्हणजे पावसाळ्यानंतर केळी लावणाऱ्यांनी, आत्ताच आपल्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे आहे ते जाऊन बघून या. झाडाखाली, भिंतीला लागून असेल तर फोटो काढून कृषी अधिकाऱ्यांना आत्ता अर्ज द्या. जानेवारीत थंडी पडून गेल्यावर दिलेल्या अर्जाला कुणी विचारत नाही.

तुमचा हा प्रश्न मी पुढच्या अंकात पुन्हा घेणार आहे, यावल-रावेरकडच्या आणखी पत्रांसह. फैजपूर तुमच्या शेजारी आहे. १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं आणि शेतसारा, खंड, कर्ज यांच्यावर शेतकऱ्याचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. त्या मातीत केळीच्या भावासाठी दहा सह्या मिळायला हव्यात.

तुम्ही सतत सरकारवर टीका करता. नगरपालिकेच्या निवडणुका २ डिसेंबरला आहेत. तुम्ही कोणत्या पक्षाच्या, ते एकदा सांगून टाका.
— अमळनेर

कोणत्याच नाही. जिनात बसून मी दोन्हीकडचं राज्य पाहिलं. २०१२ च्या ५ मार्चला तेव्हाच्या केंद्र सरकारने कापसाची निर्यात एका दिवसात बंद केली. त्या दिवशी आमच्या अंगणात १९ गाड्या उभ्या होत्या. शेठजींना फोन आला, त्यांनी माझ्या पुढ्यातला भावाचा फळा ओल्या फडक्याने पुसला आणि काहीच न लिहिता आत गेले. गाडीवान रात्रभर बैलांपाशी झोपले. आठवडाभरात बंदीत सूट दिली गेली, पण त्या १९ जणांनी दुसऱ्या दिवशी मिळेल त्या भावाने टाकून दिला होता. तेव्हा काँग्रेस आघाडीचं सरकार होतं.

२०२३ च्या डिसेंबरात आताच्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. साक्रीकडच्या शेतकऱ्यांचा लाल कांदा तेव्हाच निघत होता. बंदी उठली ४ मे २०२४ ला. नंदुरबार, जळगाव, रावेरचं मतदान १३ मे ला होतं, धुळ्याचं २० ला. पाच महिने जे शक्य नव्हतं, ते मतदानाला नऊ दिवस उरल्यावर शक्य झालं.

तुमच्या अमळनेरला मत मागायला येणाऱ्याला पक्ष विचारू नका. नगरपालिकेत इतकी वर्षं निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासक होता, तेव्हा पाणी किती दिवसांआड आलं ते विचारा आणि तो स्वतः त्या काळात कुठे होता ते विचारा. मी मत कुणाला देते ते माझ्या घरीही सांगत नाही.

जीएसटी कमी झाला तरी ठिबकच्या नळ्या दुकानदार जुन्याच भावाने देतो.
— ता. शिंदखेडा

२२ सप्टेंबरपासून ठिबकवर १२ च्या जागी ५ टक्के आहे. बिल पक्कं घ्या, त्यावर ५ लिहिलेलं आहे का बघा. जुना माल असला तरी विक्रीच्या दिवशीचा दर लागतो.

कापूस घरात भरून ठेवला आहे. संक्रांतीनंतर भाव वाढेल का?
— ता. धरणगाव

आमच्याच तालुक्यातलं पत्र आहे, म्हणून शेवटी ठेवलं. १ जानेवारीला शुल्क परत लागलं तर थोडा उठाव येऊ शकतो. पण ती तारीख सरकारने एकदा पुढे ढकललेली आहे, आणि तोवर बाहेरून आलेली रुई गिरण्यांच्या गोदामात पडून असेल. २०२२-२३ आठवतं ना? आदल्या वर्षी १० हजारांच्या वर विकला गेला म्हणून सगळ्यांनी भरून ठेवला. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, माणसं ओसरीवर. मार्चमध्ये बारीक किडे निघाले, लेकरांच्या अंगावर पुरळ उठलं, डॉक्टरांच्या दवाखान्यात एकेका घरातली चार-चार जणं. साडेआठ हजारांना मागितलेला माल मे महिन्यात सातच्या आसपास गेला.

कोरडा आणि स्वच्छ असेल तो नोंदणी करून हमीभावाला घाला. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, आणि पिवळा वेगळा काढून आत्ता विकून टाका. फरदडीचा, म्हणजे तीच झाडं राखून पुन्हा पीक घेण्याचा, मोह धरू नका, डिसेंबरअखेर कपाशी उपटा, नाहीतर बोंडअळी पुढच्या वर्षापर्यंत शेतातच मुक्काम करते.

आणि एक काम माझं करा, हे सगळ्याच कापूसवाल्यांना सांगते. १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत जो कापूस विकला, त्याच्या काटापावत्यांच्या झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. खेडा खरेदीवाल्याने चिठ्ठी दिली असेल तर ती चालेल, वहीच्या पानावर लिहिलेला हिशेबही चालेल. मी त्या तारखेवार लावून घेणार आहे आणि फेब्रुवारीत, अर्थसंकल्पाच्या वेळी, खानदेशच्या चारही खासदारांना देणार आहे. नाव-गाव झाकलंत तरी हरकत नाही, वजन, भाव आणि तारीख स्पष्ट दिसू द्या.